साठचे आठ

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या कंपनीने तीसेक लोकांना गंगापूर धरणाच्या बाजूला एका रिसॉर्टवर नेलं. सकाळी पोहे-जिलेबी, मग 'टीम बिल्डिंग'. प्रशिक्षकाने प्रत्येकाला दोन पानांची प्रश्नावली दिली. 'मी निर्णय पटकन घेतो', 'मला माणसांत राहायला आवडतं', 'मी तपशिलाकडे लक्ष देतो' अशा वाक्यांपुढे एक ते पाच आकडे टाकायचे, बेरीज करायची आणि बेरजेप्रमाणे रंग घ्यायचा. लाल म्हणजे झपाट्याने उरकणारा, पिवळा म्हणजे बोलका, हिरवा म्हणजे सांभाळून घेणारा, निळा म्हणजे चिकित्सक. जेवणाआधी सगळ्यांच्या खिशावर रंगीत टिकल्या चिकटल्या. आम्ही नाशिकची माणसं, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, उड्या मारलेली. तिथे निरनिराळे लोक आत जातात आणि सगळे एकाच रंगाचे बाहेर येतात. हे मी बोलून दाखवलं, पण प्रशिक्षक काही हसला नाही.

आमच्या क्वालिटीतल्या काकांना निळी टिकली मिळाली. काका चौपन्न वर्षांचे, कंपनीत सत्तावीस वर्षं, त्यातली पहिली चौदा प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या मशीनवर. बोलणं कमी, मीटिंगमध्ये तर नाहीच. फोनवर सांगितलेलं त्यांना चालत नाही. 'लिहून द्या ना साहेब' हे त्यांचं पालुपद. टिकली बघून सगळ्यांनी माना डोलावल्या: बरोबर आहे, काका निळेच. मीही डोलावली. मी प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो, म्हणजे दिवसभर लोकांच्या मागे लागणं हेच माझं काम. 'लिहून द्या' म्हणणारा माणूस मला कायम कागदाआड लपणारा वाटत आला होता. त्या दिवशी माझ्या मताला शास्त्राचा शिक्का मिळाला.

त्यानंतर चारेक महिन्यांनी एका ब्रॅकेटची डाय, म्हणजे त्याला आकार देणारा साचा, दुरुस्त होऊन आली. ग्राहकाची अट अशी की दुरुस्तीनंतरचे पहिले साठ नग शंभर टक्के तपासायचे आणि त्याचा रिपोर्ट लॉटसोबत पाठवायचा. मी ते सकाळच्या मीटिंगमध्ये तोंडी सांगितलं. आमची मीटिंग शॉप फ्लोअरच्या कडेला उभ्याउभ्या होते, दहा मिनिटांची, मागे कॉम्प्रेसर धडधडत असतो. काकांनी मान हलवली. त्या दिवशी 'लिहून द्या' म्हणाले नाहीत. म्हणणार कसे? आदल्याच आठवड्यात प्लांट हेडनी त्यांना सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "काका, सगळं लिहूनच लागतं का तुम्हाला? कोर्टात उभे आहोत का आपण?" सगळे हसले होते. हसणाऱ्यांत मी होतो.

काकांनी आठ नग तपासले. आठही चोख. रिपोर्टवरचा आकडा जाण्याआधी मी बघायला हवा होता, पण ट्रक दारात उभा होता. लॉट चाकणला ग्राहकाकडे गेला आणि तिसऱ्या दिवशी फोन आला: भोकाच्या कडेला तडा. आमच्या खर्चाने तिथे जाऊन एकेक नग हातात घेऊन सॉर्टिंग करायचं. मी आणि काका गेलो. जाताना काका ड्रायव्हरशेजारी बसले, मी मागे. मागून मी चारदा बोललो, उत्तर नाही. रुसलेत असं समजून मीही गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी परतताना नारायणगावला चहाला थांबलो. मी म्हटलं, "काका, मी साठ म्हटलं होतं." ते माझ्याकडे बघत राहिले. मग खुर्ची उचलून माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसले. "आता बोला." मी पुन्हा म्हटलं.

"मला आठ ऐकू आलं, साहेब. नीट ऐकू आलं. डावा कान गेल्यात जमा आहे. उजवा निम्मा. प्रेस शॉपची कमाई."

"मग सांगितलं का नाही कधी?"

"कोणाला सांगू? कान गेलेला माणूस क्वालिटीत ठेवतील का? परत प्रेसवर टाकतील, नाहीतर घरी."

नंतर मी या विषयावर थोडं वाचलं. सततच्या मोठ्या आवाजाने कान सरसकट बंद होत नाही, आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. 'स', 'श', 'फ' ही व्यंजनं त्याच वरच्या पट्टीतली, त्यात दबक्या आवाजाची. स्वर ऐकू येत राहतात, त्यामुळे माणसाला आपल्याला ऐकू आलं असंच वाटतं. 'साठ'मधला 'स' गळला की 'आठ' उरतो, आणि 'आठ' हाही सोन्यासारखा खरा आकडा आहे, संशय यायला जागाच नाही. 1948 च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत, आवाजाने येणाऱ्या बहिरेपणाची नोंद होती. आमच्याकडे त्याचं नाव 'काकांचा स्वभाव' होतं.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. माणसं वेगवेगळ्या पद्धतीने काम करतात, ती पद्धत समजून घेतली तर एकत्र काम सोपं जातं, हे कोणीही मान्य करेल. भांडण आहे ते 'समजून घेणं' म्हणजे काय यावर. हल्ली आपण त्याचा अर्थ माणसाचा प्रकार ओळखणं असा घेतो. माझ्या मते कामाची पद्धत हा माणसाचा प्रकार नसतोच. त्याने आधी कुठे काम केलं, त्याच्या घरी काय चाललंय, बस किती वाजता सुटते, कोणत्या साहेबाने कधी झापलं, अशा सगळ्याचा तो साचलेला गाळ असतो. तो प्रश्नावलीत उतरत नाही, विचारावा लागतो. आणि विचारायचं कोणी, तर ज्याच्या हातात अधिकार आहे त्याने, पहिल्यांदा.

या रंगांचं मूळ विल्यम मार्स्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1928 मध्ये मांडलेल्या चार प्रवृत्तींमध्ये आहे. पुढे वंडर वुमन हे चित्रकथेतलं पात्र निर्माण करणारे मार्स्टन ते हेच. त्यांनी कंपन्यांसाठी चाचणी बनवली नव्हती, ती नंतरच्या लोकांनी त्यावर उभी केली. मायर्स-ब्रिग्ज ही चार इंग्रजी अक्षरांत माणसाचा प्रकार सांगणारी दुसरी प्रसिद्ध चाचणी आहे, तिच्यावर तर जुनाच आक्षेप आहे की तीच माणसं काही आठवड्यांनी पुन्हा बसली की अनेकांची अक्षरं बदलतात. तरीही टिकली लागल्यावर सगळे 'अगदी मीच!' म्हणतात, ते का? याचं उत्तर बर्ट्रम फोरर यांनी 1948 मध्येच देऊन ठेवलंय. त्यांनी वर्गातल्या 39 विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली, प्रत्येकाला 'तुझं वर्णन' म्हणून एक कागद दिला आणि ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली 4.26. मग त्यांनी उघड केलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं राशिभविष्याच्या पुस्तकातून उचलली होती. त्र्यंबकेश्वर ज्याच्या जिल्ह्यात आहे त्या माणसाला पत्रिकेची ताकद कोणी सांगायला नको. फरक एवढाच की पत्रिका बघणारा निदान एखादी शांती तरी सुचवतो, टिकली लावणारा जेवून निघून जातो.

चाचणी खोटी असती आणि निरुपद्रवी असती तर मी एवढं लिहिलं नसतं, करमणूक म्हणून सोडून दिलं असतं. पण टिकली खिशावरून निघाली तरी डोक्यातून निघत नाही. डिसेंबरात नव्या ग्राहकासाठी टीम ठरवताना आमच्या मीटिंगमध्ये एक वाक्य ऐकलं, 'त्यांना नको, ते हिरवे आहेत, यात लाल माणूस पाहिजे.' ज्यांच्याबद्दल हे बोललं गेलं त्या बाई साडेपाचच्या बसने जातात. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत, बस चुकवता येत नाही. आमचे निम्मे निर्णय सहा वाजता एक्स्लो पॉइंटजवळच्या टपरीवर होतात. मग सकाळी त्यांना काही माहीत नसतं, त्या विचारत बसतात, आणि विचारत बसणारी बाई हिरवी ठरते. टपरीवर कागद न करता निर्णय घेणं हीसुद्धा एक कामाची पद्धतच आहे. पण तिला कोणी रंग दिलेला नाही, कारण ती साहेब लोकांची पद्धत आहे.

माणसाकडे न बघता हाताकडे बघणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, आता भाऊ बघतो. ऑक्टोबर छाटणीनंतर फेलफूट, म्हणजे नको असलेली फूट, काढायची, मग डिपिंग, मग थिनिंग, कामांची रांग लागते. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळीत बारा-चौदा बाया, आणि त्यांची मुकादम एक बाई. थिनिंगमध्ये घडातले जादा मणी कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. उशीर झाला की मणी एकमेकांना भिडतात आणि कात्री आत जात नाही. म्हणजे वेग हवा, आणि घाईत कात्रीचं टोक चांगल्या मण्याला लागलं तर घड खराब. ही मुकादम पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कोणाला काही बोलायची नाही, नुसती ओळीतून फिरायची. जेवणानंतर जोड्या बदलायची. जिचा हात पळतो ती ओळीच्या एका अंगाला, जिचा हात मागे राहतो पण घड देखणा निघतो ती समोरच्या अंगाला. मोकळे घड पहिलीने उरकायचे, दाटलेले दुसरीसाठी सोडायचे. गंमत म्हणजे थिनिंगला मागे राहणारी बाई डिपिंगला सगळ्यांच्या पुढे असायची. औषधाच्या मगात घड बुडवून पुढे सरकायचं, तिथे तिचा ठेका लागायचा. ती हळू की जलद, या प्रश्नाला त्या बागेत अर्थच नव्हता. कोणत्या कामात, एवढंच विचारता यायचं.

यात फार गोडवा शोधायला नको. काम उक्तं असलं, एकरावर पैसे ठरलेले असले, की हीच मुकादम मागे राहणाऱ्या बायांना गावीच ठेवून यायची. पैसे अंगावर आले की हात ओळखण्याचं कसब माणसं गाळण्याच्या कामी येतं. आमच्या अंबडच्या कारखान्यातही तेच होतं, फक्त त्याला 'रोल फिट' म्हणतात.

भीतीचा मुद्दा इथेच येतो आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 1990 च्या दशकात एमी एडमंडसन या संशोधिकेने अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या. चांगल्या टीमच्या चुका कमी असतील ही अपेक्षा. आकडे उलटे आले, चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त. शोधल्यावर कळलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. बाकीच्या टीम झाकत होत्या. काकांनी कान झाकला होता. बाईंनी सासूबाई झाकल्या होत्या, 'घरची कारणं सांगते' असं कोणी म्हणू नये म्हणून. ज्या जागी सांगितलं की नुकसान होतं, तिथे चाचणी कितीही शास्त्रशुद्ध असो, माणसं साहेबाला आवडेल तोच आकडा भरणार. रिसॉर्टवर तीसपैकी अकरा जण लाल निघाले. प्लांट हेड लाल आहेत.

यावर मला हमखास ऐकावं लागतं की हे सगळे लाड आहेत. पगार कंपनीचा, तर पद्धतही कंपनीची. प्रत्येकाचा कान आणि प्रत्येकाची बस सांभाळत बसलो तर माल कधी काढायचा? यात अर्धं खरं आहे, आणि ते खरं मी सोडायला तयार नाही. आमच्याकडे एक हुशार इंजिनिअर पोरगा आला. शिफ्ट बदलताना रजिस्टरमध्ये लिहायचा नाही, पुढच्याला व्हॉइस नोट पाठवायचा. विचारलं तर म्हणाला, "सर, माझी वर्किंग स्टाइल तशी आहे." मी त्याला सांगितलं, रजिस्टर ही स्टाइल नाही, रजिस्टर म्हणजे रात्रपाळीच्या माणसाची बोटं आहेत. प्रेसचं गार्ड, ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती, शिफ्टची नोंद, इथे सगळ्यांनी एकसारखंच वागायचं. ज्या गोष्टीवर दुसऱ्याचा जीव किंवा दुसऱ्याचं काम उभं आहे ती आपल्या आवडीची राहत नाही. त्या सीमेच्या आत मात्र, म्हणजे कोणाला कसं कळवायचं, विचार करायला किती वेळ द्यायचा, चूक कुठे दाखवायची, यात कंपनीची म्हणून पद्धत नसतेच. असते ती साहेबाची सवय. तिला शिस्त म्हणणं बंद केलं तरी पुष्कळ झालं.

आणि लाडांचा हिशोब मांडायचाच तर चाकणचे दोन दिवस, गाडी, तिथल्या कंत्राटी सॉर्टिंगवाल्यांचे पैसे आणि ग्राहकाकडे गेलेली पत एका बाजूला लिहा, आणि 'साठ' हा आकडा चिठ्ठीवर लिहायला लागणारे चार सेकंद दुसऱ्या बाजूला.

प्रत्येक फरक समजूतदारपणाने मिटवायचा असतो असंही मी मानत नाही. प्रशिक्षकांचा या बाबतीतला आशावाद मला झेपत नाही. ते ढोल-ताशा पथकाचं उदाहरण देतात, सगळे कसे एका तालात. अहो, पथकात सगळ्यांना एकच ठेका वाजवायचा असतो, आमच्याकडे स्टोअरला माल अडवायचा असतो आणि डिस्पॅचला सोडायचा. त्यापेक्षा या गावाने दिलेला दुसरा दाखला मला जास्त पटतो. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकला स्नान करतात आणि वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडावर. आधी स्नानाच्या मानावरून रक्तपात होत, मग पेशवाईच्या काळात दोघांना दोन जागा ठरवून दिल्या गेल्या असं सांगतात. कोणाचा स्वभाव बदलला नाही, कोणी कोणाला 'समजून' घेतलं नाही. तीसेक किलोमीटरचं अंतर ठेवलं आणि पर्वणी पार पडू लागली. आमच्या स्टोअर आणि डिस्पॅचच्या दोघांना एका टेबलावर बसवून 'संवाद' घडवण्यात आम्ही वर्ष घालवलं. शेवटी गेट पासची वेळ ठरवली, अकरा आणि चार, मधे कोणी कोणाकडे जायचं नाही. भांडणं आठवड्याला एकावर आली.

2027 च्या सिंहस्थाची तयारी आता शहरभर दिसते. महापालिका, पोलीस, रेल्वे, एसटी, आरोग्य, जलसंपदा, सगळी खाती एका गर्दीसाठी कामाला लागली आहेत. याच शहरात 2003 च्या कुंभात चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली होती, हे विसरायला नको. पोलिसांचं काम वायरलेसवरच्या तोंडी हुकमावर चालतं, धरणातून पाणी सोडण्याचं काम लेखी मागणीवर. एकाला दुसरा ढिला वाटतो, दुसऱ्याला पहिला उतावळा. त्यांच्याही कोणी टिकल्या लावू नयेत. गर्दीच्या दिवशी आकडा कोणी बोलायचा, कोणी उलट उच्चारून पक्का करायचा आणि कोणी लिहून घ्यायचा, एवढं आधी ठरवलं तरी बास.

आमच्याकडे काय केलं ते सांगतो, फार मोठं नाही. चाकणहून आल्यावर मी एक कोरा कागद घेतला, त्यावर स्वतःबद्दल तीन ओळी लिहिल्या आणि मीटिंगच्या जागी बोर्डावर लावल्या. तातडीचं असेल तर मला फोन करा, मेसेज मी दोन-दोन तास बघत नाही. साडेआठ ते साडेनऊ मी दिवसाचा प्लॅन लावतो, तेव्हा मशीन बंद पडल्याशिवाय येऊ नका. माझी चूक दिसली तर बाजूला घेऊन सांगा, चारचौघांत सांगितलं की मी आधी भांडतो आणि मग ऐकतो. तिसरी ओळ लिहायला मला दोन दिवस लागले. मग बाकीच्यांना म्हटलं, वाटलं तर लावा, नाही वाटलं तर नका लावू. आठवडाभर कोणीच लावला नाही. मग इंजिनिअर पोराने लावला, मग बाईंनी. त्यांची एकच ओळ आहे: 'सहानंतर ठरलेलं सकाळी आठला बोर्डावर लिहा.' आता टपरीवरचे निर्णय बोर्डावर येतात, निदान त्यातले निम्मे.

काकांचा कागद जानेवारीत लागला. 'उजव्या बाजूने या. आकडा लिहून द्या.' त्याआधी एचआरशी बोलून कानाची तपासणी करून घेतली आणि काका क्वालिटीतच राहतील हे मी लेखी घेतलं. हो, लेखी. मीटिंग कॉम्प्रेसरपासून हलवून टूल रूमच्या दारात आणली. एवढ्यानेच आणखी दोघं मीटिंगमध्ये बोलायला लागले, त्यांच्या कानांचं मी अजून विचारलेलं नाही.

प्लांट हेडनीही मार्चमध्ये कागद लावला. तातडीचं कसं कळवायचं ते लिहिलंय, कोणता तास मोडायचा नाही तेही लिहिलंय. 'माझी चूक दिसली तर' एवढं लिहून पुढची जागा मोकळी ठेवली आहे. मी रोज सकाळी त्या बोर्डासमोर उभा राहतो आणि अजून त्यांना काही म्हटलेलं नाही.